जनुकाच्या धड्यात राहून गेलेली सांधणी

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर माझी एक जुनी विद्यार्थिनी भाट्याला घरी आली. दहावीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेली, आता बारावी शास्त्र शाखेत. हातात एक कागद होता. तिच्या मामेभावाचा, दोन वर्षांच्या मुलाचा, मुंबईहून आलेला रक्ततपासणीचा अहवाल. मुलाला बीटा थॅलॅसेमिया आहे आणि दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, एवढे घरच्यांना ठाऊक होते. अहवालाच्या शेवटी एक ओळ होती : ‘आयव्हीएस १-५, जी ऐवजी सी’. मुलीने त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “सर, आयव्हीएस म्हणजे इंट्रॉनच ना? आमच्या पुस्तकात आहे, इंट्रॉन कापून टाकून देतात. मग जो तुकडा टाकूनच द्यायचा, त्यातलं एक अक्षर बदललं म्हणून बाळाचं एवढं काय बिघडलं?”

तीस वर्षे जीवशास्त्र शिकवूनही मला या प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. “बघून सांगतो” असे म्हणालो. हे शिक्षकाचे ठेवणीतले वाक्य. पण या वेळी खरोखरच बघितले. दहावीचे आणि बारावीचे पुस्तक काढून जनुकाचा धडा पहिल्यापासून वाचला, आणि लक्षात आले की मुलीचा प्रश्न पुस्तकाच्या बाहेरचा नाही. तो पुस्तकातल्या दोन पानांच्या मधल्या फटीतून आलेला आहे. त्या फटीबद्दल हा लेख आहे.

आधी दहावीचे पुस्तक घेऊ. २०१८ साली आलेल्या राज्य मंडळाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. डीएनएवरून संदेशवाहक आरएनए, त्यावरून प्रथिन हा प्रवास तिथे प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण अशा तीन शब्दांत मांडला आहे. तीन अक्षरांचा एक कोडॉन, एका कोडॉनला एक अमिनो आम्ल, आणि हे कोडे सोडवणाऱ्यांत आपले हरगोविंद खोराना. मांडणी सुटसुटीत आहे, मराठी शब्द चांगले आहेत, मुलांना ते आवडतात. मीही हा धडा आवडीने शिकवला. पण तो वाचून मुलाच्या मनात जे चित्र उमटते ते असे : जनुक म्हणजे सलग लिहिलेले एक वाक्य, ते जसेच्या तसे उतरवून घ्यायचे आणि वाचायचे. अक्षर चुकले की अमिनो आम्ल चुकले, अमिनो आम्ल चुकले की रोग झाला. सिकलसेलचे उदाहरण या चित्रात अगदी चपखल बसते. बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी जीएजी ऐवजी जीटीजी आले, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले, तांबडी पेशी विळ्यासारखी झाली. फळ्यावर पाच मिनिटांत होते.

हे चित्र जिवाणूपुरते बरेचसे खरे आहे. माणसाच्या, माशीच्या आणि माडाच्या बाबतीत मात्र ते १९७७ सालीच मोडले.

त्या वर्षी अमेरिकेत दोन गट अडेनोव्हायरसवर काम करत होते. कोल्ड स्प्रिंग हार्बरला रिचर्ड रॉबर्ट्स यांचा, एमआयटीत फिलिप शार्प यांचा. विषाणूचा डीएनए आणि त्याचाच संदेशवाहक आरएनए यांची जोडी लावून त्यांनी ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. अक्षराला अक्षर जुळत गेले तर दोन्ही धागे सरळ चिकटायला हवेत. तसे झाले नाही. डीएनएचे मोठमोठे फुगे बाहेर लोंबत राहिले. म्हणजे डीएनएत असलेला मजकूर संदेशात नव्हताच. मधले मधले तुकडे गळले होते आणि उरलेले एकमेकांना जोडले गेले होते. त्याच वर्षी सशाच्या बीटा ग्लोबिन जनुकातही असा मधला तुकडा सापडला, तेव्हा ही काही विषाणूची खोडी नव्हे हे पटले. पुढच्याच वर्षी वॉल्टर गिल्बर्ट यांनी गळणाऱ्या तुकड्यांना इंट्रॉन आणि उरणाऱ्यांना एक्झॉन ही नावे दिली. १९९३ चे नोबेल रॉबर्ट्स आणि शार्प यांना मिळाले. कोल्ड स्प्रिंग हार्बरला सूक्ष्मदर्शकावर बसून ते फुगे पाहणाऱ्या लुईस चाऊ यांचे नाव त्यात नव्हते, याची हळहळ अनेकांनी तेव्हाही बोलून दाखवली. असो.

कापून जोडण्याच्या या क्रियेला इंग्रजीत स्प्लायसिंग म्हणतात. हा शब्द मुळात दर्यावर्दी लोकांचा, दोराच्या कामातला. भाट्याच्या खाडीपलीकडे राजिवड्याच्या बाजूला होड्यांवर हे काम पाहायला मिळते. दोन दोर जोडताना गाठ मारली तर ती कप्पीत अडकते. म्हणून दोन्ही टोकांचा पीळ उलगडतात, पदर एकमेकांत गुंफतात आणि पुन्हा पीळ बसवतात. जोड कुठे आहे ते हाताला कळत नाही. आपण याला सांधणी म्हणू. मराठीत काही जण ‘संकलन’ किंवा ‘संपादन’ म्हणतात, पण संपादनात मजकूर बदलतो आणि इथे तो बदलत नाही. तुकडे काढायचे आणि उरलेले सांधायचे, एवढेच घडते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

बीटा ग्लोबिनचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. लांबी सुमारे १,६०० अक्षरे. त्यात तीन एक्झॉन आणि दोन इंट्रॉन. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० अक्षरांचा. प्रथिनात उतरणारी अक्षरे फक्त ४४४. ४४४ भागिले ३ म्हणजे १४८ कोडॉन. त्यातला पहिला आरंभाचा, शेवटचा थांब्याचा. उरले १४६, आणि बीटा साखळीत अमिनो आम्ले १४६ च असतात. हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे. आधीच्या चित्राप्रमाणे १,६०० अक्षरे सलग वाचली तर असे काही निघणार नाही, हे मुलांना आपोआप दिसते.

पण कुठे कापायचे हे पेशीला कसे कळते? इंट्रॉनच्या टोकांना खुणा असतात. जवळजवळ प्रत्येक इंट्रॉन जी-टी या जोडीने सुरू होतो आणि ए-जी या जोडीवर संपतो. दोनच अक्षरे मात्र फार तोकडी. अशी जोडी मजकुरात जागोजागी सापडेल. म्हणून कापणारे यंत्र, ज्याला स्प्लायसोझोम म्हणतात, ते आणखी दोन-चार अक्षरे चाचपते. त्याच्यातला यू-१ नावाचा छोटा आरएनए इंट्रॉनच्या पहिल्या सहा आणि एक्झॉनच्या शेवटच्या काही अक्षरांशी जोडी जुळवून पाहतो. बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनची सुरुवात जी-टी-टी-जी-जी-टी अशी आहे. यातला पाचवा जी जुळणीसाठी महत्त्वाचा. त्या मुलाच्या अहवालात नेमका तोच बदलला होता. आयव्हीएस १-५ म्हणजे पहिला मधला तुकडा, पाचवे अक्षर.

हे अक्षर प्रथिनात कधीच उतरत नाही. त्याचे काम वेगळे आहे. ‘इथे कापा’ असे सांगणाऱ्या खुणेतले ते एक अक्षर आहे. ते बदलले की यंत्राची पकड सैल पडते आणि ते आसपास दुसरी खूण शोधू लागते. दुर्दैवाने अशा तीन फसव्या जागा जवळच आहेत. दोन पहिल्या एक्झॉनमध्ये, खऱ्या जागेच्या ३८ आणि १६ अक्षरे अलीकडे. एक इंट्रॉनच्या आत, तेराव्या अक्षरापाशी. निरोगी जनुकात या जागा कुणी विचारत नाही. खरी खूण अंधुक झाली की यंत्र त्यांच्यावर जाते. ३८ ला ३ ने भाग जात नाही, १६ लाही जात नाही. इतकी अक्षरे गळली की पुढच्या साऱ्या कोडॉनची चौकट सरकते, लवकरच भलत्या जागी थांब्याचा कोडॉन येतो आणि असला संदेश पेशी बहुधा नष्टच करते. क्वचित खऱ्या जागी सांधणी होते, तेवढेच बीटा ग्लोबिन तयार होते. ते फारच अपुरे पडते. १९८३ पर्यंत हे सारे प्रयोगशाळेत दाखवून झाले होते.

आणि हा काही दुर्मिळ नमुना नव्हे. भारतात बीटा थॅलॅसेमियाचे जे बदल सापडतात, त्यांत आयव्हीएस १-५ सर्वांत मोठ्या संख्येने, निम्म्याच्या आसपास, आढळतो. मुंबईला परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था आहे. तिथे रोशन कोलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे हे बदल समाजासमाजांत नोंदवले. सिंधी आणि लोहाणा समाजांत ६१९ अक्षरांचा एक तुकडाच गळालेला असा बदल बराच दिसतो. पण एकूण देशाचा विचार केला तर थॅलॅसेमिया हा मुख्यतः सांधणी बिघडल्याचा आजार आहे. हे वाक्य मला तीस वर्षांत कुणी सांगितले नाही आणि मीही कुणाला सांगितले नाही.

इथे बारावीच्या पुस्तकाशी माझे भांडण आहे. नीटच्या परीक्षेमुळे आपल्याकडची मुले राज्य मंडळापेक्षा एनसीईआरटीचे जीवशास्त्र जास्त घोकतात, म्हणून तेच घेतो. त्यात थॅलॅसेमिया आहे. सांधणीही आहे. थॅलॅसेमिया आनुवंशिकतेच्या प्रकरणात, सांधणी त्याच्या पुढच्या, रेणवीय पायाच्या प्रकरणात. पहिल्या ठिकाणी विद्यार्थ्याला सांगितले जाते की सिकलसेलमध्ये प्रथिनाचा गुण बिघडतो आणि थॅलॅसेमियात प्रमाण कमी पडते. हे खरे आहे. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्नही येतो. पण प्रमाण का कमी पडते? जनुक जागेवर आहे, साखळीची १४६ च्या १४६ अमिनो आम्ले लिहिलेली आहेत, मग कारखाना थंड का? या ‘का’चे उत्तर पुढच्याच प्रकरणात, सांधणीच्या परिच्छेदात आहे, आणि तिथे थॅलॅसेमियाचा धागा कुणी जोडून दिलेला नाही. तिथे लेखकांना इंट्रॉनचा प्राचीनपणा आणि आरएनएचे आदिम जग आठवले आहे. विचार मोठा आहे, मला आवडतोही. पण सतरा वर्षांच्या मुलीच्या मामेभावाच्या रक्तात आज काय चालले आहे हे सांगण्याची संधी हातची गेली. दोन प्रकरणांची सांधणीच झाली नाही.

दुसरी तक्रार थोडी बारीक आहे. एक्झॉन ठरावीक क्रमाने जोडले जातात असे तिथे म्हटले आहे. क्रमापुरते ते बरोबर आहे. काही लोकप्रिय लेखांत एक्झॉन पत्ते पिसल्यासारखे हवे तसे लागतात असे लिहिलेले मी वाचले आहे; ते चूक, पहिल्याच्या आधी तिसरा सहसा येत नाही. पण क्रम ठरलेला असला तरी हजेरी ठरलेली नसते. एखादा एक्झॉन एका पेशीत घेतला जातो, दुसऱ्या पेशीत गाळला जातो. यालाच पर्यायी सांधणी म्हणतात, आणि ही गोष्ट कळली नाही तर सांधणी म्हणजे केवळ कचरा काढणे असे वाटते.

उदाहरणे भरपूर आहेत. रक्तातल्या बी पेशी एकाच जनुकाच्या कच्च्या संदेशातून प्रतिपिंडाची दोन रूपे करतात. एकाच्या शेपटाला पेशीच्या पडद्यात रुतून बसणारा तुकडा असतो, दुसऱ्याला नसतो, म्हणून ते रक्तात सोडता येते. हे १९८० साली दाखवले गेले. १९८२ मध्ये कॅल्सिटोनिनचे उदाहरण आले. तेच जनुक अवटू ग्रंथीत कॅल्शियमशी संबंधित संप्रेरक बनवते आणि चेतापेशीत रक्तवाहिन्या रुंदावणारे वेगळेच प्रथिन. अर्धशिशीवरची काही नवी औषधे या दुसऱ्या प्रथिनालाच रोखतात. फळमाशीत नर की मादी हा निर्णयही सांधणीतूनच होतो. डबलसेक्स नावाच्या जनुकाचा संदेश नरात एका तऱ्हेने सांधला जातो, मादीत दुसऱ्या.

फळमाशीचेच आणखी एक जनुक गणिताच्या शिक्षकांसाठी. त्याचे नाव डीस्कॅम. त्याच्या चार जागी पर्यायी एक्झॉनचे संच आहेत : एका जागी १२ पैकी एक, दुसरीत ४८ पैकी एक, तिसरीत ३३ पैकी एक, चौथीत २ पैकी एक. गुणाकार करा : ३८,०१६. माशीच्या एकूण जनुकांपेक्षा ही संख्या दुपटीहून मोठी आहे. चेतापेशीच्या फांद्यांना आपली कुठली आणि परकी कुठली हे ओळखायला ही रूपे उपयोगी पडतात.

मात्र या ठिकाणी स्वतःच्या जातभाईंना, म्हणजे विज्ञानलेखकांना, दोन शब्द सुनावले पाहिजेत. मानवी जनुकांची संख्या पूर्वी लाखाच्या घरात धरली जाई. २००१ ला ती तीस-चाळीस हजारांवर आली, आणि आज सुमारे वीस हजार मानली जाते. एका मिलिमीटरच्या सूत्रकृमीएवढीच! हा मानभंग भरून काढायला पर्यायी सांधणी फार सोयीची पडली. २००८ साली दोन गटांनी दाखवले की एकाहून अधिक एक्झॉन असलेल्या ९० टक्क्यांहून जास्त मानवी जनुकांत पर्यायी सांधणी होते. झाले, लेखांतून ‘वीस हजार जनुकांतून लाखो प्रथिने’ हे वाक्य फिरू लागले. पण २००८ ची मोजणी संदेशांची होती, प्रथिनांची नव्हती. प्रत्यक्ष प्रथिने तपासणाऱ्या काही संशोधकांना बहुतेक जनुकांचे एकच मुख्य रूप सापडते. बाकीच्या संदेशांपैकी किती कामाचे आणि किती यंत्राचा निव्वळ गोंगाट, यावर अजून एकमत नाही. तेव्हा ‘एक जनुक, एक प्रथिन’ हे १९४१ च्या बीडल आणि टॅटम यांच्या कामातून आलेले सूत्र खोडताना त्या जागी दुसरे तेवढेच ठाम सूत्र बसवू नये.

सांधणी फक्त अक्षरांवर अवलंबून असते असेही नाही. याचे माझ्या आवडीचे उदाहरण माडाच्या नात्यातले आहे. आमच्या भाट्यात प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे, १९५५ सालचे. आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत. बाणवली आणि प्रताप ही नावे कोकणातल्या बागायतदाराला सांगायला नकोत. शाळेची सहल तिथे नेली की मी उंच आणि ठेंगू जातींच्या संकराबद्दल सांगत असे : जनुके नव्याने एकत्र येतात म्हणून झाड वेगळे होते. हेही खरेच. पण अक्षर न् अक्षर तेच राहून झाड बिघडू शकते, हे तेलमाडाने दाखवले.

तेलमाड सिंधुदुर्गात मुळद्याच्या केंद्रामुळे काहींनी पाहिला असेल. मलेशियात उत्तम तेलमाडाची रोपे उतीसंवर्धनाने, म्हणजे एका झाडाच्या तुकड्यातून हजारो करण्याचा उद्योग सुरू झाला. रोपे तरारून वाढली. काही वर्षांनी फळे धरली तेव्हा काही झाडांची फळे विचित्र निघाली. फळाभोवती जादा पाकळ्यांसारखे मांसल अवयव, जणू झूल पांघरलेली, आणि तेल जेमतेम. आई-झाड आणि हे झाड यांच्या डीएनएची अक्षरे एकच. कोडे तीस वर्षे सुटले नाही. २०१५ साली मलेशियन पाम ऑइल बोर्डाच्या मेइलिना ओंग-अब्दुल्ला आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरचे रॉब मार्टिएन्सन यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये उत्तर दिले. फुलाचा आकार ठरवणाऱ्या एका जनुकाच्या इंट्रॉनमध्ये कर्मा नावाचा एक उड्या मारणारा डीएनए येऊन बसलेला आहे. एरवी त्यावर मिथाइल गटांचा शिक्का असतो आणि सांधणीयंत्र त्याला ओलांडून जाते. उतीसंवर्धनात काही झाडांतला हा शिक्का पुसला जातो. मग यंत्र एक्झॉनला कर्माचाच तुकडा सांधते आणि संदेश अर्धवट राहतो. शिक्का गेलेल्या अवस्थेला त्यांनी ‘बॅड कर्मा’ असे नाव दिले. आपल्या संस्कृत शब्दाचा प्रवास कुठवर होतो पाहा! गंमत बाजूला ठेवली तरी बागायतदाराला अर्थ कळतो : रोपवाटिकेतच पानाचा तुकडा तपासून वाईट रोप काढून टाकता येते, फळ धरेपर्यंत थांबावे लागत नाही.

२०२१ साली आपल्या वर्तमानपत्रांत सोळा कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या गाजल्या. मुंबई-पुण्याच्या काही बाळांना पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी झिजवणारा एसएमए हा आजार होता आणि लोकवर्गणीतून औषध आणायचे होते. किंमत सर्वांनी छापली, आजार कसा होतो ते फारच थोड्यांनी. ते इंजेक्शन नवे जनुक आत सोडते, म्हणजे सांधणीशी त्याचा संबंध नाही. पण आजाराची गोष्ट सांधणीचीच आहे. आपल्याजवळ एसएमएन-१ आणि त्याची जवळपास हुबेहूब नक्कल एसएमएन-२ अशी दोन जनुके असतात. पहिले बिघडले तर दुसऱ्याने भार उचलायला हवा. दुसऱ्याच्या सातव्या एक्झॉनमध्ये मात्र सी च्या जागी टी आहे. या बदलाने अमिनो आम्ल बदलतच नाही. दहावीच्या धड्याच्या हिशेबाने हा बदल निरुपद्रवी. प्रत्यक्षात त्यामुळे सांधणीयंत्राला तो एक्झॉन नीट ओळखता येत नाही आणि बहुतेक संदेशांतून तो गळतो. प्रथिन तोकडे होते आणि टिकत नाही. २००६ मध्ये रवींद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी त्यापुढच्या इंट्रॉनमध्ये एक जागा शोधली, जी या एक्झॉनला मागे खेचते. ती जागा झाकली की एक्झॉन पुन्हा घेतला जातो. एड्रियन क्रेनर आणि सहकाऱ्यांच्या कामातून आलेले नुसिनर्सेन हे औषध नेमके हेच करते. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. २०२० मध्ये पोटात घेण्याचे रिस्डिप्लाम आले, तेही सांधणीच सुधारते. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्याच्या भारतीय जेनेरिकची वाट मोकळी झाली आणि किंमत बरीच उतरली. तरीही ती सामान्य घराला पेलणारी नाहीच.

हे सगळे दहावीत शिकवा असे मी म्हणत नाही. प्रतिलेखन आणि भाषांतरण यांच्यामध्ये एक वाक्य घातले तरी पुरे : माणसासारख्या सजीवांत कच्च्या संदेशातून काही तुकडे काढून उरलेले सांधले जातात. राज्यातली बहुतेक मराठी माध्यमाची मुले अकरावीत इंग्रजीत जातात. त्यांना हा विषय प्रथम इंग्रजीतच भेटतो, आणि तोही पाठ करण्याच्या यादीत. एक मराठी शब्द आधी कानावर पडला असेल तर पुढचे सोपे जाते.

वर्गात करून पाहिलेला एक खेळ सांगतो. कागदाची लांब पट्टी घ्या. तिच्यावर ‘आज – शिक्षक – वर्गात – येणार – नाहीत’ हे पाच शब्द दूर दूर लिहा. प्रत्येक दोन शब्दांच्या मध्ये टठडढ असली निरर्थक अक्षरे भरा. प्रत्येक निरर्थक तुकड्याच्या सुरुवातीला तांबड्या शाईने ठळक क्ष आणि शेवटी तसाच ज्ञ. मुलांना नियम द्या : क्ष पासून ज्ञ पर्यंत कापायचे, उरलेले चिकटवायचे. वाक्य मिळते. आता एका गटाला शेवटचा शब्द गाळायला सांगा : ‘आज शिक्षक वर्गात येणार’. एक एक्झॉन गेला आणि अर्थ उलटा झाला. वर्गात हशा पिकतो. मग तिसऱ्या गटाच्या पट्टीत ‘शिक्षक’ या शब्दानंतरचा तांबडा क्ष आधीच पांढऱ्या शाईने पुसून ठेवा. मुले कात्री घेऊन क्ष शोधतात, सापडत नाही, आणि थोड्या वेळाने कुणीतरी ओरडतो की क्ष तर ‘शिक्षक’ शब्दाच्या पोटातच आहे! तिथे कापले की हाती येते ‘आज शि वर्गात येणार नाहीत’. फसवी जागा म्हणजे काय हे यापेक्षा सोपे करून मला सांगता आलेले नाही. आणि पुसलेले अक्षर तर टाकून द्यायच्या तुकड्यातले होते, हेही मुलांच्या लक्षात येते. एका मुलाने विचारले, “मग आधी ‘शिक्षक’मधला क्ष का नाही कापला?” उत्तर त्याच्याच बाकावरच्या मुलीने दिले : तो तांबडा नव्हता.

माझ्या विद्यार्थिनीला मी हीच पट्टी दाखवली. तिने ती घडी करून वहीत ठेवली आणि मामीकडे घेऊन गेली. मामींची गोष्ट वेगळीच होती. लग्नाआधीपासून ‘अंगात रक्त कमी’ म्हणून त्यांना एका डॉक्टरांनी वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण कुणी तपासले नव्हते. ते तपासले असते तर त्या वाहक आहेत हे तेव्हाच कळते. वाहकाला सहसा कसलाच त्रास नसतो, म्हणून कुणी विचारत नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. हे मेंडेलचे गणित नववीतले मूलही करते. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलॅसेमियाचा समावेश आहे, त्यामुळे असे मूल वर्गात असेल तर त्याच्या हजेरीचा आणि परीक्षेच्या सवलतीचा प्रश्न शिक्षकापर्यंत येणारच.

यंदा मामी पुन्हा गरोदर राहिल्या. दोघांच्याही अहवालात तेच पाचवे अक्षर होते. काय शोधायचे हे आधीच ठाऊक असल्यामुळे मुंबईला तिसऱ्या महिन्यातच वारेच्या पेशी काढून तपासता आल्या. परवा मुलीचा फोन आला. बाळ वाहक आहे, रोगी नाही. एका गुणसूत्रावर जी, दुसऱ्यावर सी.